तारेवरचं सहावं झबलं

दवाखान्यातल्या सिस्टरनं दिलेली यादी मी दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवून ठेवली होती. दोन जुनी सुती पातळं, रबरी कापड, कापूस, साबण, स्टीलचा पेला, चमचा, थर्मास. बाळासाठी पाच झबली, लंगोट, एक दुपटं, एक टोपडं. आठव्या महिन्यातच मी बॅग भरून कॉटखाली सरकवली. भरायला दुसरं कोणी येणार नव्हतं आणि वाट बघत बसण्याचा मला तिटकारा आहे. आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासूबाई तर लग्नाआधीच गेलेल्या. राहता राहिलं भावाचं घर, देवासला. पण वहिनीलाही तेव्हाच दिवस होते, तिचंही पहिलंच, आणि एका छपराखाली दोन बाळंतपणं नकोत, असं वडिलांनी पत्रात लिहिलं. पत्र वाचून मी रडले नाही, चिडले.

यादीतलं सगळं बॅगेत होतं, नव्हती फक्त झबली. आमच्यात बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. ज्या घरात मुलं हसती-खेळती आहेत, अशा घरचं वापरून मऊ झालेलं झबलं आधी घालायचं. मिलच्या ज्या लाइनीत आम्ही राहत होतो तिथे अशा झबल्यांचं एक गाठोडंच घरोघर फिरत असे. कुणाला सातवा लागला की बायका चार पदार्थ करून न्यायच्या, ओटी भरायच्या आणि गाठोडं तिच्या हवाली करायच्या. मी लग्न होऊन आले त्या वर्षी अशा दोन ओट्या मीही भरल्या होत्या. आता ते गाठोडं समोरच्या काकूंकडे होतं. त्यांचे यजमान माग खात्यात होते आणि त्यांची तिन्ही मुलं त्याच झबल्यांत वाढली होती.

माझा सातवा लागला आणि सरूनही गेला. कोणी आलं नाही.

इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडत होत्या, तशी आमचीही पडली. सगळ्यांना घरी बसवलं आणि सात-आठ जणांना तेवढं ठेवून घेतलं. त्यांत माझा नवरा होता. आधी तो टाइम ऑफिसात कारकून होता. आता गेटवर बसून बाहेर जाणाऱ्या ट्रकांच्या पासवर सही करायचा. ट्रकांत काय असायचं ते अख्ख्या लाइनीला ठाऊक होतं. माग उखडून, सुटे करून, भंगार म्हणून जात होते. गेटच्या बाहेर मांडव घालून माणसं धरण्याला बसलेली, त्यांत समोरचे काका; आणि गेटच्या आत माझा नवरा. त्यानं एक खिळासुद्धा कधी घरी आणला नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगितलं असतं, पण विचारतं कोण? भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणात मी हार जात नाही. इथे बोलणंच बंद झालं. मी नळावर गेले की गप्पा थांबायच्या आणि माझी बादली भरून मी वळले की पुन्हा सुरू व्हायच्या.

एकदा जेवताना नवरा म्हणाला, "सोडून देऊ का हे? मानपुरला एका ट्रान्सपोर्टवाल्याला माणूस पाहिजे म्हणतात."

"आणि माझी वेळ आली की मी काय करू? तू तिकडे हायवेवर, मी इकडे?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेटवर गेला. त्याला गेटवर मीच थांबवलं, हे खरं आहे. लोक त्याच्या एकट्याच्या नावानं बोटं मोडायचे ते म्हणूनच मला जास्त लागायचं.

नववा लागल्यावर मी राजवाड्यामागच्या कापडबाजारात गेले आणि मलमल मागितली. दुकानदार ठाण उलगडत म्हणाला, "सूरत का माल है बेनजी, एकदम मक्खन." मिलच्या लाइनीत राहून मी सुरतेचं कापड घेतलं. शेजारच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशव्यांत बाळांचे तयार सेट टांगले होते, गुलाबी आणि निळे, वर सशाचं चित्र. तेव्हा ते नवंनवंच होतं, माणसं नुसती बघायला थांबायची. मीही थांबले आणि मग घरी येऊन हातानं पाच झबली शिवली. कोणी जुनं देत नाही ना, मग मीच नव्याचं जुनं करीन, असं मी ठरवलं.

रोज सकाळी ती रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, दगडावर चोळायची, पिळून चौकातल्या तारेवर वाळत घालायची. तार सगळ्या लाइनीची होती. पोट एवढं पुढे आलेलं की वाकता येत नव्हतं, दगडासमोर पाटावर फतकल मारून बसावं लागे. खळ पहिल्या दोन दिवसांतच निघाली, पण कापडाचा नवेपणा काही जाईना.

"कालच धुतलं होतंस ना हे?" नवऱ्यानं विचारलं.

"हो. आणि उद्यापण धुणार आहे."

"अगं, पण मळलंय कुठे?"

मी त्याला कारण सांगितलं. त्यानं चहा संपवला आणि तो सायकल काढून ड्यूटीवर गेला. दिवसभर मी घरात एकटी असे. पोटातलं बाळ लाथ मारायचं तेव्हा मी मोठ्यांदा "काय रे" म्हणायची आणि माझाच आवाज ऐकून मला कसंसं व्हायचं. इतकी एकटी मी नंतर कधी झाले नाही.

अकराव्या दिवशी दुपारी कपडे काढायला गेले तर तारेवर सहा झबली होती. सहावं पिवळट पडलेलं, गळ्याला निळ्या दोऱ्याची टीप, बटणांच्या जागी बंद. ते मी ओळखलं. लाइनीतल्या तीन-चार बाळांच्या अंगावर मी ते पाहिलं होतं. काकूंच्या दाराचा पडदा ओढलेला होता, पण त्याच्या खाली त्यांचे पाय दिसत होते.

माझं डोकं फिरलं. हातात द्यायला काय झालं होतं? सातव्यात ओटी भरायला आल्या नाहीत, वर्षभर तोंडातून शब्द काढला नाही, आणि आता भिकाऱ्याच्या ताटात टाकावं तसं हे? मी माझी पाच झबली काढली, घडी केली आणि सहावं तिथेच ठेवून आत आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी माझी पाच वाळत घातली आणि पाचच काढली. तिसऱ्या दिवशीही तसंच केलं. चौथ्या दिवशी ते तारेवर नव्हतं.

त्यानंतर आठवड्यानं, दुपारी भांडी घासताना कळा सुरू झाल्या. मी हात धुतले, बॅग ओढून काढली आणि रस्त्यावर येऊन ऑटो थांबवली. "भिया, पहले मिल के गेट पे रोकना," असं सांगितलं. नवरा रजिस्टर दुसऱ्याच्या हातात देऊन तसाच ऑटोत बसला. धरण्याला बसलेल्या माणसांनी आमच्याकडे पाहिलं. दवाखान्यात त्याला खोलीबाहेर थांबवलं. आत मी, सिस्टर आणि एक म्हातारी आया. संध्याकाळी मुलगी झाली.

आयानं माझी बॅग उघडली, मी शिवलेलं एक झबलं काढून गालाला लावलं.

"बड़ा नरम है. किसके घर का है?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हमारे सामने काकी रहती हैं, उनके यहां का."

"बाल-बच्चे हैं उनके?"

"तीन. तीनों अच्छे हैं."

"तब तो बहुत अच्छा," ती म्हणाली आणि मुलीला झबलं घालू लागली. मला रडू फुटलं. टाके दुखत असतील असं समजून ती माझ्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मला मात्र तेव्हा कुठे उमगलं की काकूंनी ते सहावं झबलं लपूनछपून दिलंच नव्हतं. ती तार सगळ्या लाइनीची होती. सगळ्यांच्या देखत, धरण्याला बसणाऱ्या नवऱ्याच्या देखत, त्यांनी ते माझ्या कपड्यांशेजारी टांगलं होतं. तीन दिवस ते तिथे होतं आणि मी उचललं नाही, तेही सगळ्यांनी पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. रिक्षातून उतरताना दुपटं जरा सरकलं. त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं, मग झबल्याकडे. बावीस वर्षं माग चालवणाऱ्याची बायको ती. कापड ओळखायला त्यांना हात लावावा लागत नव्हता.

"नवंच घातलंस गं पोरीला," त्या म्हणाल्या.

वर्षभरात त्या पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या होत्या. मी किल्ली शोधत असल्यासारखी पर्समध्ये मान घातली. कुलूप नवऱ्यानं आधीच उघडलेलं होतं.