नऊ पायऱ्यांचं जोतं

आमच्या घराचं जोतं जमिनीपासून पाच फूट तीन इंच उंच आहे. सात इंचांची एक, अशा नऊ पायऱ्या. हे माप मी मस्कतमध्ये, कंपनीच्या गोदामातल्या टेबलावर बसून ठरवलं आणि हजार मैलांहून जास्त लांबून इंदापूर तालुक्यात ते तसंच्या तसं बांधून घेतलं. गवंड्यानं कुठं अर्ध्या इंचाचाही फरक केला नाही. चूक माझी होती. ती कळायला मला साडेतीन वर्षं लागली.

आमचं गाव लासुर्ण्याच्या पुढं, आत. बारामतीला कॉलेज केलं, तिथंच एका दुकानात काही वर्षं माल मोजायचं आणि लिहायचं काम केलं, आणि त्या अनुभवावर मस्कतच्या एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लागलो. नव्वद साल यायचं होतं. तिथं मी अकरा वर्षं काढली. दर दोन वर्षांनी साठ दिवसांची रजा. पाच रजा मिळाल्या, म्हणजे अकरा वर्षांतले तीनशे दिवस मी घरी होतो. त्यातलेही जाण्या-येण्याचे, मुंबईत नातेवाइकांकडं थांबण्याचे आणि बारामती-इंदापूरच्या कचेऱ्यांत दाखले काढण्याचे वजा केले तर अडीचशेही भरत नाहीत.

परदेशी राहणाऱ्याची गैरसोय कुणी विचारली तर लोकांना वाटतं, ऊन सांगेल, जेवण सांगेल. त्याची सवय सहा महिन्यांत होते. सवय न होणाऱ्या गोष्टी बारीक असतात. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतो, आणि तो बाहेर काढायला ज्या माणसाची सही लागते तो माणूस गुरुवारी दुपारनंतर आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीत, भेटत नाही. पत्राला जायला दोन आठवडे आणि उत्तर यायला दोन आठवडे, म्हणजे तुम्हाला विचारलेला प्रश्न घरच्यांनी सोडवलेला असतो तेव्हा तुमचा सल्ला पोचतो. आणि फोन.

फोन मी शुक्रवारी करायचो. तिथले सकाळचे दहा म्हणजे आमच्याकडचे साडेअकरा. गावात एकच फोन होता, रस्त्यावरच्या किराणा दुकानात. आई, बायको, धाकटा भाऊ तिघं अकरापासून तिथं येऊन बसायचे. आपलाच आवाज मागं फिरून कानात यायचा, त्यामुळं पहिलं मिनिट नुसतं 'हॅलो, हॅलो' करण्यात जायचं. मागून दुकानदाराचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा, "ए, टीव्ही बारीक करा रं, मस्कत लागलंय!" कुणीतरी ओरडायचं, "त्येंला म्हणावं खजूर आणा, मागच्या टायमाला आमच्यापातूर आलंच न्हाय." मी बोलायचे मुद्दे कागदावर उतरवून ठेवायचो आणि एकेकापुढं बरोबरची खूण करत जायचो. आठ-नऊ मुद्दे तीन मिनिटांत बसवायचो. त्याचा मला अभिमान होता.

घराचा मुद्दा चौथ्या वर्षापासून यादीत आला.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. काळी जमीन, आणि जवळून कालव्याचा फाटा. कालव्याला पाणी सुटलं की आमच्या खोलीच्या भिंती वीतभर ओल धरायच्या. आई वाकळा विटांवर रचून ठेवायची. वर गावात एक घर होतं, त्याचं जोतं लहानपणी माझ्या डोक्याच्या वर होतं. वडील काही कामानं गेले की खाली अंगणात उभे राहून, मान वर करून बोलायचे. वरचे लोक वाईट बोलायचे असं नाही. वडिलांना त्याचं वाईट वाटायचं का, तेही मला माहीत नाही; ते लवकर गेले. पण मला नोकरी लागली तेव्हा आई हसत म्हणाली होती, "घर बांधशील तवा जोतं उंच कर बरं का. माज्याशी बोलायचं म्हटल्यावर माणसानं मान वर केली पायजे."

ते मी लक्षात ठेवलं. पुढं एका रजेत मी त्या वरच्या घराच्या जोत्याला सहज टेकून माप घेतलं. माझ्या खांद्याइतकं, पाच फूट. मी आमच्यासाठी तीन इंच जास्त धरले.

धाकट्या भावानं फोनवर एकदाच सांगितलं, "दादा, तीन फूट बास हाय की. मुरूम लई लागतोय भरावाला."

"ओल येते," मी म्हणालो.

"तीन फुटावं न्हाय येत ओल."

"मुरूम लागू दे. मी सांगतो तेवढं कर."

दुकानात लोक ऐकत होते. मी त्या मुद्द्यापुढं खूण केली.

आराखडा मी स्वतः काढला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा. जुनी खोली अंगणाच्या कडेला तशीच ठेवली. संडास-न्हाणी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं घराबाहेर, मागच्या अंगणात. घरात संडास बांधायचा हे तेव्हा आमच्या डोक्यातही येत नव्हतं. मी तिथं चार वर्षं खोलीला चिकटलेला संडास वापरत होतो, तरी गावच्या घराचा विचार करताना तो मी बाहेरच काढला.

सहाव्या वर्षीच्या रजेत, अगदी शेवटच्या आठवड्यात, घरभरणी केली. विहारातून बुद्धवंदनेला माणसं आली, दोनशे पानं उठली. आईला दोघांनी दंडाला धरून वर आणलं. मला वाटलं गर्दी आहे, नवं लुगडं आहे, म्हणून धरलंय. ती ओट्यावर खुर्चीत बसली आणि खालून येणारा जो तो तिला मान वर करून 'जयभीम' घालू लागला. मी पुष्कळ दिवसांनी तिला इतकं हसताना पाहिलं. त्या हसण्यात खोटं काही नव्हतं, हे मी आजही मानतो.

मी परत गेलो. भावाला सांगून एक फोटो मागवला : आई आणि घर, दोन्ही दिसलं पाहिजे. फोटो आला. मी पहिल्यांदा काय केलं असेल तर पायऱ्या मोजल्या. नऊ दिसत होत्या. रंग ठीक होता, ओट्याच्या कडेची फरशी सरळ रेषेत होती. आई सगळ्यात खाली, जमिनीवर, पहिल्या पायरीच्या शेजारी काठी टेकून उभी होती. माझ्या खोलीत केरळचा एक वयस्क सुतार राहायचा. त्यानं फोटो हातात घेतला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "अम्मा नीचे क्यों है?"

मी म्हणालो, "सगळ्या पायऱ्या फोटोत याव्यात म्हणून."

त्यानं मान हलवून फोटो परत दिला.

त्यानंतरची दोन वर्षं मी दर शुक्रवारी विचारत होतो, "आय कशी हाय?" उत्तर यायचं, "बरी हाय." आईच फोनवर आली तर म्हणायची, "मला काय झालंय? घर लई गार हाय बाबा." आणि मी पुढच्या मुद्द्याकडं वळायचो.

आठव्या वर्षीच्या रजेत घरी पोचलो, तेव्हा आई ओट्यावर बसलेली होती. सगळं जिथल्या तिथं होतं. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. दुपारी बायकोनं चहा आणला, आईनं नको म्हटलं. संध्याकाळी पुन्हा नको. जेवताना तांब्या भरलेला तसाच. मी सवयीनं अशा गोष्टी मोजतो : त्या दिवशी तिच्या पोटात सकाळचा अर्धा पेला पाणी गेलं होतं, त्यापलीकडं काही नाही. कडक उन्हाळ्याचे दिवस होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागल्यावर मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "आई चहा का घेत नाही? डॉक्टरनं बंद केलाय का?"

ती भांडी विसळत होती. थांबली नाही. "डॉक्टरनं कशाला बंद करायचा? प्याल्यावर खाली जावं लागतंय की. नऊ उतरायच्या, नऊ चढायच्या. गुडघं कुठं साथ देत्यात त्येंचं?"

"मग रोज काय करते?"

"रोज हितं असत्यात का त्या? जुन्या खोलीत असत्यात. घरभरणी झाली, आठ दिवस काढलं, नवव्या दिवशी भावजींनी पाठुंगळी घेऊन खाली न्हेलं. तुमी येणार म्हणून परवा वर आणलंय."

दोन वर्षं. त्या ओल धरणाऱ्या खोलीत, विटांवर रचलेल्या वाकळांशेजारी. मी बायकोवर चिडलो. "मला कळवायला काय झालं होतं?"

तेव्हा मात्र तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कुठनं कळवायचं? दुकानात? सगळ्या गावाच्या देखत? आनि तुमी इच्यारलं कवा? तुमी इच्यारायचा, कठडा बसला का, रंग किती लागला, टाकीला झाकन केलं का. आय कुठं झोपती, असं एक डाव तरी इच्यारलं का?"

 

मग मी आईजवळ जाऊन बसलो. ती जागी झाली होती, बोलणं तिनं ऐकलं असावं. मी विचारलं, "आय, सांगायचं न्हाई का गं?"

"आनि तू काय केलं असतंस तितनं? नुसता झुरला असतास. आनि घर वंगाळ हाय का? गावातली माणसं म्हणत्यात, म्हातारीचं जोतं सगळ्यात उंच. मला बरं वाटतंय ऐकाय." मग म्हणाली, "फकस्त मला खाली न्हे लेकरा. दोन दिस झालं, लई आवळून धरलंय."

मी तिला पाठुंगळी घेऊन उतरलो. चौथ्या पायरीवर मलाच धाप लागली.

गवंड्याला बोलावलं. पायऱ्यांऐवजी उतार करता येईल का विचारलं. कागद घेऊन मीच हिशेब मांडला : एक फूट चढायला बारा फूट लांबी, तर सव्वापाच फुटांना त्रेसष्ट फूट. अंगण बावीस फूट. गवंडी कागदाकडं बघत म्हणाला, "सायेब, बावीस फुटात करा म्हणला तर करतो. पर म्हातारी वरनं सुटली तर थेट कालव्यात." आई खालून हसली. "करा की. कालवा तरी जवळ पडंल."

शेवटी उरलेल्या दिवसांत जुन्या खोलीची जमीन एक फूट वर घेतली, ओल धरू नये म्हणून खाली मुरूम आणि दगड भरले, आणि खोलीला चिकटून संडास बांधला. वस्तीत तो पहिलाच. शेजारच्या बायका बघायला आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "घरातच?" आईनं त्यांना चहा पाजला आणि स्वतःही प्यायली. हे काम अकरा दिवसांत झालं. घर बांधताना सुरुवातीलाच ते अकरा दिवसांत झालं असतं.

मला त्यानंतर जे समजलं ते असं : परगावी गेलेल्याच्या डोक्यात घरचं माणूस तो निघाला त्याच वयाचं राहतं. मी निघालो तेव्हा आई डोक्यावर दोन घागरी घेऊन आडावरून चालत यायची. जोतं मी त्या आईला बांधलं. मधल्या वर्षांत तिचे गुडघे गेले, आणि माझ्याकडं त्याची नोंद नव्हती. गावातली मुलं आता बाहेर जायला निघतात, काही माझ्याकडं विचारायला येतात. मी त्यांना व्हिसाचं सांगतो, पासपोर्टच्या दोन छायाप्रती वेगळ्या ठेवायला सांगतो. आणि म्हणतो, फोनवर 'कसं आहे' विचारू नका. काय खाल्लं, कुठं झोपलात, कुणी आणून सोडलं, हे विचारा. ती मान डोलावतात. त्यांच्या मनात व्हिसाच असतो.

त्या रजेतच परत न जाण्याचा विचार मी केला होता. एक करार उरला होता, मुलांची शिक्षणं होती. आई म्हणाली, "जा. आता मला बरं हाय." मी गेलो.

वर्षभरानं, एका गुरुवारी दुपारी, गोदामातल्या फोनवर भावाचा निरोप आला, आई गेली. ऑफिस दुपारी बंद झालं होतं, ते शनिवारी उघडणार होतं. पासपोर्ट तिजोरीत. मी सहीच्या माणसाच्या घरी गेलो, तो समुद्राकडच्या त्याच्या गावाला गेला होता. शनिवारी सही झाली, रविवारी विमानात जागा मिळाली. तोवर सगळं आटोपलं होतं.

मधल्या शुक्रवारी नेहमीच्या वेळी मी फोन लावला. हातात कागद नव्हता. दुकानात कुणी बोलत नव्हतं, टीव्हीही नव्हता. भावाला मी विचारलं, शेवटी ती कुठं होती. खालीच, म्हणाला, तिच्या खोलीत, सकाळचा चहा घेतल्यावर. मग विचारलं, लोकांनी दर्शन घ्यायला तिला कुठं ठेवलं होतं.

"वर, दादा. वट्यावर. सगळी म्हणाली, तिचंच घर हाय."

"कुणी नेलं?"

"चौघांनी. येका दमात न्हेली. वजन न्हवतंच."

फोनच्या कार्डावर अजून दोन मिनिटं शिल्लक होती. ती मी तशीच संपू दिली.