पुढल्या दाराने

जुन्या कादंबऱ्यांतल्या एकनिष्ठ मोलकरणीचं कोणी कौतुक करायला लागलं की माझं टाळकं सरकतं. गेल्या वर्षी पार्शात, आमच्या गावी, असंच सरकलं, आणि तेही नको त्या वेळी.

आम्ही मुंडकार. म्हणजे घर आमचं, पण त्याखालची जमीन भाटकाराची. आईच्या खोलीवरचा वासा वाळवीने पोखरला होता. खाली पोफळीचा टेकू आणि टेकूशेजारी आईची खाट. छप्पर उतरवायचं तर पंचायतीला भाटकाराचं ना-हरकत पत्र हवं. कायदा काय म्हणतो ते मला सांगू नका, मी सगळीकडे खेटे घातलेत. भाटकारीण म्हणाली, “रविवारी आमच्याकडे वाचनमंडळ आहे. तू हायस्कुलात मराठी शिकवतेस ना? कादंबरीवर बोल आणि पत्र घेऊन जा.”

निघताना आईने माझ्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधण्यापासून बाळंतिणीला न्हाऊ घालण्यापर्यंत ती भाटकाराच्या घरात जन्मभर खपली. म्हणाली, “चेडवा, एक ऐक. पुढल्या दारान जा हां.”

फाटक आलं आणि मी काय करावं? विहिरीला वळसा घालून थेट मागच्या पडवीत जाऊन उभी! लहानपणी आईचा पदर धरून रोज गेलेली वाट, पायांनी मला विचारलंसुद्धा नाही. भाटकारीण हसत बाहेर आली. “अगे, मागल्यान कित्याक? तू आता टीचर मगे!” म्हणायला म्हणाली, पण बाईला भारी बरं वाटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सभेत तिनेच सुरुवात केली. कादंबरीत मालकिणीची हरवलेली बांगडी मोलकरणीला सापडते आणि घरात पोरं उपाशी असताना ती परत करते. “प्रामाणिकपणा रक्तात असतो एकेकाच्या,” भाटकारीण म्हणाली. “आणि मालकिणीचं मन बघा केवढं! आपली जुनी लुगडी काढून देते तिला.” बायका माना डोलवायला लागल्या.

मला राहवेना. “रक्तात कसलं डोंबल! तिची झोपडी मालकिणीच्या आवारात आहे. बांगडी ठेवली असती तर पोरांना घेऊन जाणार कुठे? पहिल्याच प्रकरणात लिहिलंय, आपणच वाचत नाही. आणि मालकिणीचं मन मोठं असायला काय झालं? तिचं धुणं-कांडण दुसरीच करते. मलाही द्या चार बायका राबायला, मीही थोर होते!”

भाटकारणीने टेबलावरचं पत्र उचललं, पुस्तकात घातलं आणि पुस्तक मिटलं. “तुझी आई असं कधी बोलली नसती,” ती म्हणाली.

डोळ्यांपुढे तो टेकू आला. “चुकलंच माझं, बाय,” मी म्हटलं. “स्वभावच असतो एकेकाचा.” मग पाऊण तास मी त्या मोलकरणीच्या प्रामाणिकपणावर बोलले. छान बोलले, मेलं. टाळ्या पडल्या, पत्रही मिळालं.

घरी आईने पत्र हातात घेतलं, सही बघितली आणि विचारलं भलतंच. “पुढल्या दारान गेलंस मगे?”

“हो,” मी म्हटलं. “पुढल्यानंच.”

तिने पत्र तसंच खाटेवर टाकलं आणि कुंपणाशी जाऊन शेजारणीला हाक मारली. “आयकलंस? आमचा चेडू आज त्यांच्या पुढल्या दारान आत गेला!”