शिसपेन्सिलीचा गुन्हा

रताळ्यातलं शिसं मामांना नुसत्या जिभेने ओळखता येतं, अशी आमच्या गल्लीत बोलवा आहे. साफ खोटं. मामी भाजीत मीठ घालायला विसरली, तरी मामा बोटं चाटत जेवतात. अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत ते नमुने किसतात, वाटतात, बाटलीत भरतात. शिसं शोधतं ते यंत्र, आणि यंत्रातलं कळतं ते त्यांच्या साहेब असलेल्या मॅडमना. पण घरी आले की घसा खाकरून, हनुवटी छताकडे: "आज आपण एक पोतं नापास केलं!" याची नक्कल मी गल्लीभर करून दाखवतो.

पोतं निघालं नाक्यावर रताळी विकणाऱ्या मावशींचं. शिसं मर्यादेबाहेर, म्हणून फेरतपासणी होईपर्यंत गाडी बंद. मावशींची चूल त्या गाडीवरच पेटते. त्या तडक आमच्या दारात आल्या.

"दादा, वाटायच्या आधी धुतली होतीत ना? जमिनीतला माल, माती असतेच."

मामा फुगले. "धुवायची? अहो बाई, नमुना धुतला म्हणजे पुरावा धुतला! आम्ही मातीसकट वाटतो."

"मग खायलाही मातीसकटच वाढू का?" मामी आतून म्हणाली.

"तू गप्प बस. शास्त्र आहे ते."

"उद्या मॅडमनाच विचारते," म्हणत मावशी गेल्या.

मी म्हटलं, "मामा, पैज. तुम्ही जन्मात चूक कबूल करणार नाही. केलीत, तर महिनाभर तुमची नक्कल बंद."

मामा "हॅ!" म्हणाले खरे, पण मॅडमचं नाव ऐकून खिसा चाचपायला लागले. कामावर प्रत्येक रताळ्यावर नंबर घालायची त्यांची ती लाडकी पेन्सिल खिशातून निघाली. ते तिला टोक काढायला लागले आणि हात थबकला. शिस... पेन्सिल. शिसं!

सकाळी मावशी पोचायच्या आत मामा मॅडमच्या टेबलापुढे, हनुवटी वर: "मॅडम, गुन्हेगार मी! रताळ्यांत शिसं माझ्या पेन्सिलीचं."

सगळी प्रयोगशाळा खो खो. मॅडम कशाबशा म्हणाल्या, "अहो, शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. ग्रॅफाइट असतं. रताळी धुतली होती का?"

"पुरावा..."

"धुवा! आणि सोला!"

त्याच पोत्यातली उरलेली रताळी मॅडमनी समोर उभं राहून धुवून, सोलून घेतली. यंत्राला शिशाचा जेमतेम अंश सापडला, मर्यादेच्या कितीतरी खाली. मावशींची गाडी सुरू झाली.

आणि मामा? नाक्यावर, मावशींच्याच गाडीला टेकून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात: "पेन्सिल बदलली, निकाल बदलला!" मातीचा म नाही तोंडात.

पैज मी हरलो. माणसाने चूक कबूल केली, ती भलतीच असली म्हणून काय झालं? आता ते रोज माझ्यासमोर येऊन मुद्दाम घसा खाकरतात, हनुवटी वर नेतात, आणि मला चेहरा गंभीर ठेवून बसावं लागतं.