खुंटीवरच्या स्टिक

काल सुतार नव्या दाराला जवसाचं तेल चोळत होता. त्या वासासरशी माझ्यासारखा ढेरपोट्या, पन्नाशी उलटलेला गृहस्थ थेट भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जाऊन उभा राहिला, तोही हाफ पँटमध्ये!

आमची ज्युनियर हॉकी टीम म्हणजे वानरसेना. एकाही क्वार्टरमधला पेरू आमच्या हातून सुटला नव्हता. पण कुणाचे वडील निवृत्त झाले, कुणाच्या वडिलांची बदली झाली, आणि शेवटी अकरा पोरं काही जमेनात.

हंगाम संपला की स्टिकना जवसाचं तेल पाजून त्या क्लबच्या खोलीत खुंटीवर टांगायच्या, हा आमचा रिवाज. त्या संध्याकाळीही आम्ही उरलेल्या सहा जणांनी तेल चोळलं. तेवढ्यात आमचे कोच रशीदचाचा म्हणाले, "इस बार अपनी-अपनी स्टिक घर ले जाओ, बेटा. टीम बंद हो गई."

"वाह चाचा! फिर अगले साल क्या बेलन से खेलेंगे?" मी म्हणालो.

सगळे खदखदून हसले, चाचाही. आणि पेरूचोरांच्या त्या टोळीने आपापली स्टिक खुंटीवर टांगली. घरी नेली असती, तर टीम खरंच संपली असती ना!

चाचा कितीतरी वेळ दारातच उभे होते. आम्हाला वाटलं, आपण जिंकलो.

पुढे ती खोली पाडली, स्टिकसकट. चाचांना ते आधीच ठाऊक असणार. निदान स्टिक तरी आमच्या घरी राहाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं.

काल सुताराकडून थोडं तेल मागून घेतलं. चोळायला घरात काहीच नव्हतं, म्हणून तळहातांनाच चोळलं.