भिंतीपलीकडचं आभाळ

भोसरीतल्या आमच्या खोलीमागं प्रेसशॉप आहे, लोखंडी पत्रा दाबून भाग काढणारं. मशिनचा दणका बसला की मांडणीतली भांडी हलतात. मला आता ऐकूही येत नाही. आई मात्र दुपारच्या झोपेतून ताडकन उठायची आणि गॅलरीत जायची.

"गडगडायलंय गं!"

"प्रेस आहे आई, झोप."

आभाळ लख्ख असायचं. मी हसायचे, तीही हसायची. मग कठड्याला धरून उगाच उभी राहायची, आणि तिच्याकडं बघता बघता मलाही समोरच्या पत्र्यांवर ज्वारी डुलताना दिसायची. खरंच सांगते.

मराठवाड्यात सलग दोन सालं पेरलेलं करपलं, तेव्हा आई माझ्याकडं आली. येताना एक डबा आणला. राखेत घोळलेली, कडुनिंबाचा पाला घातलेली बियाण्याची ज्वारी. डबा फळीवर वर, देवाशेजारी. "उपाशी निजावं, पण बियाणं खाऊ नये," हे तिचं ठरलेलं. हस्ताचा पाऊस पडला की गावी जायचं, पेरायचं. तिचा जीव त्या डब्यात अडकलेला.

पण नक्षत्रांनी ओळखच टाकली होती. इकडं नको तेव्हा ढगफुटी, रस्त्यात गुडघाभर पाणी. तिकडं थेंब नाही. "ह्या पावसाला झालंय तरी काय?" आई विचारायची. हवाच तापलीय, समुद्र तापलेत, असं मी कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचलेलं सांगायचे. तिला पटायचं. पटून काय करणार, कप्पाळ!

एकदा मोबाइलवर आफ्रिकेतली एक बाई दिसली. तिच्या देशात सालोसाल पाऊस नव्हता, माणसं भुकेनं मरत होती. ती भांड्यात काहीतरी ढवळत होती. खालची ओळ मी आईला वाचून दाखवली: पेरायला ठेवलेलं होतं, तेच शिजवतेय.

"अगं माय माय," आई म्हणाली. "बियाणं खाल्लं बाईनं." त्या दिवशी ती जेवली नाही.

हस्त कोरडा गेला. चित्राही गेली. गावाहून मामाचा फोन आला, विहीर आटली, येऊ नकोस. आई नुसतं बरं म्हणाली.

त्या गुरुवारी मला सुट्टी होती. संध्याकाळी आईनं गरम भाकरी वाढली. पहिलाच घास कडसर लागला. कडुनिंब! मी वर बघितलं. फळी रिकामी. डबा मोरीत धुऊन पालथा घातलेला.

"आई, हे काय केलंस गं?" माझा आवाज चढला. रडूच फुटलं.

"खा माय. त्या बाईनं तरी काय करावं?"

तेवढ्यात भांडी हलली. गार वारा आत आला, पत्र्यावर टपोरे थेंब वाजायला लागले. गुरुवारी भोसरीतले प्रेस बंद असतात.

"आई, गडगडतंय. खरंच."

ती उठली नाही. पुढची भाकरी थापत म्हणाली, "प्रेस असंल."