दिव्याची धामण

दवाखान्यात दंडावर स्पिरिट चोळलं की अजून माझं डोकं फिरतं.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. कॉलेजचे सर आम्हाला साप-बेडूक शोधायला दिवा गावाच्या भातशेतांत घेऊन गेले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विश्वासाने बांधावरची धामण दाखवली. म्हणाला, "उंदीर खाते, आमचे शेताची राखणदार हाय. बगा नि सोरून द्या."

"सोडतो की!" सर म्हणाले, आणि त्याची पाठ वळताच त्यांनी तिला पिशवीत कोंबलं. खोटारडा माणूस!

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत होती, स्पिरिटच्या बरणीत. बरणीवर चिठ्ठी होती, 'धामण, दिवा'. ती मीच लिहिली होती. सरांनी अक्षराचं कौतुक केलं, तेव्हा मी खूश होऊन हसले होते.