काट्यावरचा जुना बफर

नव्वदच्या दशकात सांगलीत आमचं दोन खोल्यांचं दुकान होतं. भागीदार दोघे. एक मी आणि दुसरे लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले, कोरेगावकडचे एक सुभेदार. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे. आम्ही ड्रायव्हर लिहायचो, म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेलं यंत्र यांचं बोलणं घडवून आणणारे छोटे प्रोग्रॅम.

त्यातला एक जवळच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा. काटा वजनाचे आकडे सतत पाठवत राहायचा. ते साठवायला संगणकात जागा लागते, तिला बफर म्हणतात. हौद म्हटलं तरी चालेल. सुभेदारांनी हा ड्रायव्हर जुन्या पद्धतीच्या बफरवर लिहिला होता. पुढे ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातून ती पद्धतच काढून टाकलेली. मग मी आमच्या बाकी सगळ्या ड्रायव्हरांतून जुना बफर उपटला. काट्याचा तेवढा राहिला.

"असू दे की रं," सुभेदार म्हणायचे. "कुनाच्या ताटातलं खातंय?"

"नव्या मशीनवर तो चालणारच नाही, सुभेदार."

"मग मशीन जुनं ठेव."

पण कारखान्याने नव्या आवृत्तीचं मशीन आणलंच. वर काटा-कारकुनाने बजावलं, "मोळीपूजनाला पहिल्या गाडीचं वजन चुकलं, तर तुमचा संगणक गोदामात जाईल आणि आम्ही हातकाट्यावर येऊ." मोळीपूजनाने गळीत हंगाम सुरू होतो. पहिली गाडी फुलांनी सजवून आणतात आणि सगळे संचालक हजर असतात. म्हणून मी काट्याचा ड्रायव्हर नव्या, मोठ्या बफरवर लिहून काढला आणि आदल्या सकाळी सुभेदारांना घेऊन चाचणीला गेलो.

उसाने भरलेली बैलगाडी काट्यावर येऊन थांबली. कारकुनाने बटण दाबलं. शून्य. पुन्हा दाबलं. शून्यच. गाडी उतरली. काट्याला काय झालंय ते बघायला सुभेदार स्वतः वर जाऊन उभे राहिले आणि कारकुनाने परत बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला, दोन टन.

गाडीवान चाबूक खांद्यावर टाकून म्हणाला, "आवं सुभेदार, मिलिटरीतनं येताना रनगाडा गिळून आलाय व्हय?"

"तू गप. तुझी बैलं बघ."

"बैलं हलकीच हायती. तुमी उतरा आदी, काटा मोडंल."

सुभेदार उतरले आणि मला म्हणाले, "जुनं मशीन लाव आन् बसव माझं जुनं."

"चहा होईपर्यंत थांबा," मी म्हणालो आणि कागदावर हिशेब मांडला. काटा सेकंदाला पाच आकडे पाठवतो. नव्या बफरात पाचशे बारा आकडे मावतात आणि वाचताना सर्वांत जुना आधी हातात येतो. म्हणजे पडद्यावर दिसत होतं ते पावणेदोन मिनिटांपूर्वीचं वजन. सुभेदारांच्या जुन्या बफरात जेमतेम बत्तीस आकडे मावायचे आणि तो भरला की ते सगळेच फेकून पुन्हा पहिल्यापासून भरायचा. त्यामुळे तिथला आकडा कधीच सहा-सात सेकंदांहून शिळा नसायचा. आमचं काम इतकी वर्षं त्या फेकाफेकीवर चाललं होतं आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी ड्रायव्हरात एकच ओळ वाढवली. बटण दाबलं की आधी बफर रिकामा करायचा आणि मग येणारा ताजा आकडा वाचायचा. सुभेदार परत काट्यावर चढले. आकडा आला, नव्वद किलो.

"बूट धरून," ते म्हणाले.

"बुटं लय जड दिसत्यात," गाडीवान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सजवलेल्या गाडीचं वजन बरोबर आलं. पडद्याकडे कुणी पाहिलंही नाही. सगळे नारळाकडे बघत होते.

दुकानात परतल्यावर सुभेदारांनी माझी ती ओळ उघडून चष्म्यातून दोनदा वाचली. तिच्याखाली त्यांच्या जुन्या बफरच्या ओळी मी अजून तशाच ठेवल्या होत्या.

"म्हंजे ह्यो माजाच नेम की. सगळं फेकायचं आन् ताजं घ्यायचं."

"तुमचाच."

"मग जुनं कशाला ठेवलंयस?"

मी कीबोर्डकडे हात नेला.

"थांब," ते म्हणाले. "मी लिवलंय, मीच पुसतो." आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी त्या ओळी पुसायला घेतल्या. एकदम नाही, एकेक वाचत.